पांढरीवरच्या खुंट्या

पुरातत्त्व शिकून पुढे काय करतात, असं मला अजून कुणी ना कुणी विचारतं. कुणाचा तरी भाचा इतिहासात बरे मार्क मिळवतो, पेपरात उत्खननाचा फोटो बघतो आणि मग घरचे त्याला माझ्याकडे धाडतात. मी खरं ते सांगतो. खुंट्या ठोकतात. पोरगं हसतं, त्याच्या बापाला वाटतं मी टोलवतोय. टोलवत नाही हो. एम.ए.च्या दोन वर्षांत मी जे शिकलो त्यातल्या ज्या गोष्टीवर मला पुढे पगार मिळाला ती एवढीच. सुतळी ताणायची, काटकोन धरायचा आणि जमिनीत खुंटी सरळ ठोकायची.

पहिली खुंटी मी पाहिली ती आमच्याच रानात. मी तेव्हा चौथीत होतो. आमचं गाव आकुर्डी, आणि तेव्हा ते खरोखर गाव होतं. एक दिवस पॅन्टवाले चार जण आले, तिवईवर दुर्बीण ठेवून डोळा मिटून बघत बसले आणि जाताना बांधाच्या कडेनं लाकडी खुंट्या ठोकून गेले. मला त्यातली एक भारी आवडली. टोकदार, हातभर, दांडूला अगदी बेताची. मी ती उपटून घरी आणली, तर दादांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, आयुष्यात पहिल्यांदा मला कानाखाली दिली. "सरकारची खुंटी उपटतो व्हय? जा, हाय तिथं ठोकून ये." मी रडत रडत गेलो आणि दगडानं ठोकून आलो. तिरकी बसली होती, पण कुणी बोललं नाही.

पुढच्या आठवड्यात दादांनी बांधावरचा आंबा तोडला. सबंध आळीला पुरेल एवढा लागणारा आंबा होता. आई म्हणाली, राहू द्या की तोवर. दादा म्हणाले, "जायाचंच हाय, तर लाकूड तरी आपलं." मोजणी झाली, नोटीस आली, सगळं खरं, पण ताबा घ्यायला लोक आले ते तीन वर्षांनी. ते तीन उन्हाळे आई त्या बुंध्याकडे बघून एकच वाक्य म्हणायची, "औंदा आला असता." पुढे त्याच जागेवर उभ्या राहिलेल्या कारखान्यात दादा हेल्पर म्हणून लागले. ज्या रानात मोट हाकली तिथंच खाकी कपडे घालून शिफ्टला जायचे आणि घरी आल्यावर पाय धुऊन बसायचे.

तर हे सगळं मी डोळ्यांनी पाहिलेलं होतं. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढे मी जे केलं त्याला माहीत नव्हतं असं म्हणायची सोय नाही.

बी.ए.नंतर पुण्यात पुरातत्त्वाला गेलो तो एका खापरापायी. तिथले एक सर आमच्या कॉलेजात व्याख्यानं द्यायला यायचे, तेच पुढे माझे गाईड झाले. त्यांनी एका व्याख्यानाला खिशातून खापराचा एक तुकडा काढून माझ्या तळहातावर ठेवला. तांबडा, त्यावर काळ्या रेघा. म्हणाले, आतून बोट फिरव. आतल्या बाजूला, मडकं ओलं असताना कुणाचं तरी बोट फिरलेलं होतं, त्याची वळी लागली. तीन हजार वर्षांपूर्वीचं बोट. मला काय झालं कुणास ठाऊक, मी दुसऱ्या दिवशी फॉर्म भरला.

दादांना सांगितलं तेव्हा ते जेवत होते. त्यांनी घास संपवला आणि म्हणाले, "दोन वर्सं देतो. पंचविशी उलटली की कंपनीत घेत न्हाईत, धेनात ठेव." त्यांच्या शब्दावर कंपनीत चिकटता आलं असतं, ही गोष्ट त्यांना देवघरातल्या देवाएवढी पक्की वाटत होती. माझ्या डोक्यात मात्र दुसरंच होतं. कॉलेजात तांत्रिक सहायकाची एक जागा निघणार अशी कुणकुण होती. कायमची, पेन्शनीची, आणि कामही हेच.

शिकलो काय, ते ऐका. थंडीत दोन महिने लांबच्या नदीकाठी तंबूत राहायचं. पहाटे उठून चरात उतरायचं, एकेक थर सुरीनं खरवडायचा, निघालेली खापरं पाटीत भरायची. दुपारी ती दात घासायच्या ब्रशनं धुवायची, वाळवायची आणि प्रत्येक तुकड्यावर बारीक अक्षरात काळ्या शाईनं नंबर घालायचा. कुठल्या गावचं, कुठल्या चरातलं, कितव्या थरातलं. नंबर नसला तर त्या खापराला कवडीची किंमत नाही, मग ते अकबराच्या ताटाचं असो. एकदा नंबर घालायला मी पोतंभर खापरं घरी आणली. आईनं मला अंगणात ब्रश घेऊन बसलेलं पाहिलं आणि म्हणाली, "एवढी भांडी घरातली घासली असतीस तर माझी कंबर तरी वाचली असती."

प्रबंधासाठी मी भामा नदीचा काठ घेतला होता. चाकणपर्यंत एस.टी.च्या टपावर सायकल टाकून जायचं आणि तिथून पुढे गावोगाव हिंडायचं. आमची रीत साधी. गावात शिरलं की पारावरच्या माणसांना विचारायचं, पांढर कुठंय? शेतकऱ्याला दोनच जमिनी ठाऊक. काळी ती कसायची आणि पांढर ती राहायची. जिथं पिढ्यान्‌पिढ्या माणसं राहिली, चुली पेटल्या, शेण पडलं, तिथली माती राखेनं पांढुरकी होते. गाव उठून दुसरीकडे गेलं तरी पांढर मागे राहते. ती सापडली की खाली जुनं काही असणारच. पण ती बहुतेक ठिकाणी सापडत नाही, कारण धाब्याच्या घरांवर घालायला, शेतात टाकायला आणि अलीकडे वीटभट्ट्यांना ही माती फार लागते. मी सव्वीस गावं हिंडलो. सगळीकडे खड्डे.

सत्ताविसाव्या गावात टेकाड शाबूत होतं. दोन-अडीच गुंठे, पुरुषभर उंच, नदीच्या अंगाला कापलं गेलेलं आणि त्या कापात थरावर थर, चुलीच्या राखेचे काळे पट्टे. मी हात लावला तर तांबड्यावर काळ्या रेघांचं खापर हातात आलं. मला घाम फुटला. जमिनीचे मालक पन्नाशीचे एक गृहस्थ होते, मी त्यांना मामा म्हणायला लागलो. एवढं कसं राहिलं विचारलं तर म्हणाले, "पांढरीला हात लावीत न्हाई आमी. आमच्या आज्यानं बी न्हाई लावला. पोळ्याला नारळ फोडतो. भट्टीवालं येत्यात, माघारी धाडतो." मी म्हटलं, मामा, आम्ही इथं थोडं खणून बघू का, जुनी भांडी-बिंडी? ते म्हणाले, "बगा की, काय बगायचं ते. माती न्हेऊ नका म्हंजी झालं." आणि मामींनी चहा दिला.

सरांना कापातली खापरं दाखवली, तर ते खुर्चीतून उठले. सर उठायचे नाहीत सहसा. म्हणाले, "तीन हंगाम चालेल हे काम. आणि काम तीन हंगामांचं असेल तर तांत्रिक सहायक मंजूर करावाच लागेल. तुझंच नाव." एवढं सगळं त्या अडीच गुंठ्यांवर उभं राहिलं. माझी नोकरी, माझा प्रबंध, दादांना द्यायचं उत्तर. मला तेव्हा पंचविशी गाठायला चार महिने होते.

उत्खननाला सरकारी परवाना लागतो. तो पंधरा दिवसांत यायचा होता. सर म्हणाले, तोवर तू जाऊन आखणी करून ठेव, पहिला दिवस वाया नको जायला. मी आणि माझा एक वर्गमित्र सोळा खुंट्या घेऊन गेलो. पाच-पाच मीटरवर चौकट पाडली, प्रत्येक खुंटीच्या डोक्यावर लाल रंगानं नंबर घातला, अ एकपासून ड चारपर्यंत, आणि मधून चुन्याच्या रेघा ओढल्या. सुरेख आखणी झाली होती. कर्ण मोजला तर बोटाचाही फरक नाही. मामा त्या दिवशी चाकणच्या बाजाराला गेले होते. मामी गोठ्याच्या दाराशी उभ्या राहून बघत होत्या. निघताना मी त्यांना सांगितलं, आणि अगदी आदबीनं सांगितलं, "मामी, सरकारचा कागद आला की काम सुरू करू."

"कधी येल?" त्यांनी विचारलं.

"पंधरा दिवसांत," मी म्हणालो आणि सायकलवर टांग टाकली.

आता यात मी खोटं काय बोललो, सांगा. एक अक्षर नाही. पण दोन पॅन्टवाली पोरं रानात येतात, टेप लावतात, खुंट्या ठोकतात, चुना टाकतात आणि सरकारचा कागद येणार म्हणून सांगून जातात. पिंपरी-चिंचवडपासून भोसरीपर्यंत गेली दहा-बारा वर्षं हेच चाललेलं. त्याचा दुसरा अर्थ काय होतो, हे त्या पंचक्रोशीतल्या शेंबड्या पोराला कळलं असतं. कळलं नाही ते एम.ए.वाल्याला.

पंधरा दिवसांनी आम्ही सर, तंबू, फावडी, दहा माणसं आणि परवाना घेऊन गेलो. टेकाड नव्हतं.

म्हणजे होतं, पण कसं, तर सगळी माती उकरून जमिनीबरोबर केलेली आणि मध्ये पुरुषभर उंचीचे सोळा खांब उभे. मातीचे. प्रत्येक खांबाच्या डोक्यावर माझी एकेक खुंटी. भट्टीच्या मजुरांनी खुंट्यांच्या भोवतीनं खणलं होतं. सरकारी खुंटीला हात कोण लावणार? लाल रंगातला नंबरसुद्धा जसाच्या तसा. मला ते बघून आधी हसू आलं आणि मग मी तिथंच खाली बसलो.

मामा लगबगीनं आले. त्यांनी टोपी काढली. "खुंटी एक बी हलवली न्हाई साहेब," ते म्हणाले, "बगून घ्या. मातीचं म्हणाल तर जायाचीच व्हती तुमच्या घशात. आज्यानं राखली, बापानं राखली, मी बी राखली. पर जायाचीच हाय म्हणल्यावर भट्टीवाल्याला दिली." सरांनी त्यांना समजावलं. आम्ही कॉलेजचे, जमीन घ्यायला नाही आलो, जुनी भांडी बघायला आलोय, आणि पुरावा म्हणून परवाना पुढे केला. मामांनी तो उलटा-सुलटा केला, त्यांची नजर सिंहांच्या शिक्क्यावर ठरली. मग त्यांनी तो दोन्ही हातांनी परत दिला. "कागद तर सरकारचाच हाय की," ते म्हणाले.

बैल गेला आणि झोपा केला म्हणतात ते हे. सर त्या खांबांभोवती फिरत राहिले. एका खांबाशी थांबून म्हणाले, "चारी बाजूंनी थर दिसतात. आपणही इतकं स्वच्छ कापलं नसतं." ते रागावले असते तर बरं झालं असतं. आम्ही दोन दिवस राहून सोळा खांब खरवडले, थरांची चित्रं काढली, पाटीभर खापरं गोळा केली आणि परत आलो. माझ्या प्रबंधात त्या जागेला सव्वा पान मिळालं. तीन हंगामांचं काम गेलं, त्याबरोबर तांत्रिक सहायकाची जागाही गेली. सर नंतर कधी एका शब्दानं बोलले नाहीत, पण नव्या खणायच्या जागेबद्दल माझ्याशी बोलायचेही थांबले.

घरी दादांना सगळं सांगितलं. ते बिडी विझवून ऐकत होते. त्यांना प्रबंधाचं काही नव्हतं, नोकरी गेल्याचंही तेवढं नव्हतं. शेवटी म्हणाले, "तू तर आंबा बगितला व्हता रे." बस, एवढंच. कानाखाली मारली असती तर चाललं असतं.

मी तेव्हा परत त्या गावाला जायला हवं होतं. शिक्क्याचा कागद बाजूला ठेवून, मामांच्या ओट्यावर बसून, दहा वेळा सांगावं लागलं तरी सांगायला हवं होतं की मामा, तुमची जमीन कुणी नेत नाही, आरामात कसत राहा. शरम वाटली, म्हणून गेलो नाही. आज जातो, उद्या जातो करत राहिलो. माणूस चूक करतो ती करतोच. पण हे न जाणं चूक नव्हे, हे मी रोज उठून केलं.

पुढचं लवकर सांगतो, कारण त्यात सांगण्यासारखं काही नाही. प्रबंध पुरा होईतो कंपनीची वेळ टळली. दादा साहेबांना जाऊन भेटलेसुद्धा, पण वय बसेना. बरोबरीच्यांपैकी एक वस्तुसंग्रहालयात लागला, तो अजून मूर्तींना पाठी घासू नका म्हणून लोकांवर ओरडतो. एक कर्नाटकात पडक्या देवळाच्या दगडांवर नंबर घालायला गेला. एक बँकेत गेला, सुखी झाला. वर्गातली एकच मुलगी होती, आमच्यापेक्षा दुपटीनं हुशार; ती शाळेत इतिहास शिकवते असं ऐकलं. मी दोन हंगाम दुसऱ्यांच्या उत्खननांवर रोजंदारीनं काढले. मग चिंचवडच्या एका मोजणी करणाऱ्या फर्मनं विचारलं, डंपी लेव्हल, म्हणजे तिवईवरची ती दुर्बीण, लावता येते का, नकाशा काढायचं प्लेन टेबल येतं का. येतं म्हटलं. डिग्री कशातली, त्यांनी विचारलंही नाही. तेव्हापासून कारखान्यांचे प्लॉट मोजतोय. रस्त्याची कड, शेडची कड, कुंपणाची कड. वर्षाला चार-पाचशे खुंट्या होत असतील. खाली काय आहे ते बघायचं नाही, एवढा एकच नियम. सुरुवातीला बुलडोझर चालायला लागला की मी मातीकडे बघायचो. मग सवय गेली.

ऐंशी साल उलटून गेलं होतं, त्या आखणीला दहाएक वर्षं झाली होती. चाकणच्या पुढे कुठल्याशा कारखान्यासाठी जागा बघणं चाललं होतं. नकाशा हातात आला आणि गावाचं नाव वाचून मी फर्मच्या साहेबांना म्हणालो, दुसऱ्या कुणाला पाठवा. ते म्हणाले, का बुवा, सासुरवाडी आहे का? मी नकाशा गुंडाळला आणि गेलो.

जागा साहेबांना फार पसंत होती. सपाट आहे, सपाटीकरणाचा खर्च नाही, म्हणाले. ती कुणी सपाट केली हे मी सांगितलं नाही.

मामा गोठ्यातून बाहेर आले. केस पूर्ण पांढरे, काठी हातात. मला वाटलं होतं ओळखणार नाहीत. त्यांनी कपाळावर हात धरून बघितलं आणि हसले. "आलात व्हय," ते म्हणाले. "लई वर्सं लावली साहेब."

मी लेव्हल खाली ठेवली, त्यांना बाजूला घेतलं आणि जे तेव्हा सांगायचं ते सांगितलं. त्या वेळी मी सरकारचा नव्हतो मामा. कॉलेजात शिकत होतो. जुन्या खापरांसाठी आलो होतो. तुमची जमीन कुणी मोजलीच नव्हती. सगळं सांगितलं. त्यांनी मान हलवत ऐकून घेतलं.

"आन् आता?" त्यांनी विचारलं.

"आता कारखान्याचा."

"मंग तेच की," ते म्हणाले. त्यांच्या आवाजात राग नव्हता. खुळ्याला समजावतात तसं म्हणाले.

मग त्यांनी मामींना हाक मारली आणि माळ्यावरून काहीतरी काढायला सांगितलं. दाव्याच्या तुकड्यानं बांधलेली मोळी होती. माझ्या खुंट्या. पावसानं खांब ढासळले तशी एकेक खाली पडली, ती यांनी उचलून ठेवली. लाल रंग उडाला होता, पण ब दोन, क तीन वाचता येत होतं. "पंदरा हायती," मामा म्हणाले, "एक वासरानं मोडली. तुमी परत याल तवा लागतील म्हणलं."

आमच्याकडे खुंट्या कमी नव्हत्या. तरी मी ती मोळी घेतली. दुसरं काय करणार? पहिली क तीन घेतली, ओळंबा धरला. हाताखालचे दोघं सुतळी घेऊन उभे होते. मामा माझ्याशेजारी काठीवर भार देऊन उभे राहिले आणि सुतळीपलीकडच्या कोरड्या रानाकडे बोट करून म्हणाले, "त्या साली हितं हीर पाडायची व्हती. पैसं बी जमवलं व्हतं. पर तुमी खुंट्या ठोकल्या, मंग म्हणलं कशाला. दर साली पोरगा म्हणायचा पाडू, मी म्हणायचो, थांब, साहेब येत्याल, सांगत्याल." त्यांनी माझ्याकडे बघितलं. "तर आता सांगा. पाडू का नको?"

मी खुंटीवर पहिला घाव घातला.

"नका पाडू, मामा," मी म्हणालो.